न लागलेल्या ठोशाची दाद

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२ मे २०१५ रोजी रात्री अमेरिकेतल्या लास वेगास शहरात फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाव या दोन मुष्टियोद्ध्यांची गाठ पडली. या लढतीची जगाने पाचएक वर्षे वाट पाहिली होती. एकट्या अमेरिकेत सुमारे ४६ लाख घरांनी जवळजवळ शंभर-शंभर डॉलर मोजून ती दूरचित्रवाणीवर पाहिली. बारा फेऱ्या झाल्या. कोणी आडवे झाले नाही, कोणी रक्तबंबाळ झाले नाही. तिन्ही पंचांनी मेवेदरला विजयी ठरवले. पॅकियावने त्या रात्री ४२९ ठोसे फेकले आणि त्यांतले अवघे ८१ लागले, अशी नोंद आहे. म्हणजे पाचांतले चार ठोसे हवेत गेले, खांद्यावरून घसरले किंवा हातमोज्यांवर आपटून विरले. आठ वजनगटांत विजेतेपद मिळवलेल्या योद्ध्याला ३८ वर्षांचा एक माणूस छत्तीस मिनिटे असा चुकवत राहिला. विद्या म्हणून पाहिले तर केवढी मोठी गोष्ट! आणि शेवटी सभागृहात काय ऐकू आले? हुर्यो. आपले पैसे वाया गेले, असे म्हणत लोक उठले.

ठोसा मारणे आणि ठोसा चुकवणे ही मुष्टियुद्धाची दोन अंगे आहेत. व्यावसायिक लढतीत पंच गुण देतात ते चार गोष्टी पाहून. स्वच्छ लागलेले ठोसे, परिणामकारक चढाई, रिंगणावरची हुकमत आणि चौथी गोष्ट बचाव. म्हणजे नियमांच्या पुस्तकात बचावाला मानाचे पान आहे. मग प्रेक्षकांच्या पंगतीत त्याला शेवटचा पाट का? आपल्याकडे कुस्तीच्या फडातही लोक 'निकाली' कुस्तीसाठी येतात. बरोबरीत सोडवलेल्या कुस्तीनंतर मैदानातून जो उसासा निघतो तो आपल्या ओळखीचा आहे. तेव्हा लास वेगासच्या लोकांना हसण्याचे आपल्याला कारण नाही. प्रश्न एवढाच की बचावाचे कौशल्य प्रेक्षकाला तृप्त करू शकते का? हा प्रश्न २०१५ चा नाही. तो सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याचा इतिहास पाहिला तर उत्तर वाटते तितके सरळ निघत नाही.

सुरुवात करू अठराव्या शतकातल्या लंडनपासून. तेव्हा हातमोजे नव्हते. उघड्या मुठींनी लढत. जॅक ब्राउटनने १७४३ मध्ये पहिले लेखी नियम केले होते. खाली पडलेल्याने अर्ध्या मिनिटात पुन्हा रेषेवर येऊन उभे राहायचे, नाही तर हरला. दोघांनी समोरासमोर पाय रोवून उभे राहायचे आणि एकमेकांना झोडायचे, ही त्या काळातली मर्दानगी. मागे सरकणे कमीपणाचे. अशा वेळी डॅनियल मेंडोझा नावाचा एक ज्यू तरुण पुढे आला. उंची पाच फूट सात इंच, वजन सुमारे ७३ किलो. वजनगट तेव्हा नव्हते, म्हणून त्याला आपल्यापेक्षा धिप्पाड माणसांशी लढावे लागे. त्याने शरीराची उणीव डोक्याने भरून काढली. तो बाजूला सरके, वाके, कोपराने आणि हाताने वार अडवी आणि समोरचा तोल सावरत असतानाच सरळ डावा ठोसा देई. १७८९ मध्ये त्याने या कलेवर पुस्तक लिहिले. शिकवणीही सुरू केली. १७९२ पासून तो इंग्लंडचा विजेता मानला जाऊ लागला.

लोक काय म्हणाले? काहींनी त्याला भित्रा म्हटले. इंग्रज माणूस असा चुकवाचुकवी करून लढत नाही, असे म्हटले. पण गंमत पाहा, नावे ठेवणारे लोकच त्याची लढत पाहायला गर्दी करत. रिचर्ड हम्फ्रीज या प्रतिस्पर्ध्याशी १७८८ ते १७९० या काळात त्याच्या तीन लढती झाल्या. पहिली मेंडोझा हरला, पुढच्या दोन जिंकला. त्या तिन्हींची देशभर चर्चा झाली. १७९५ मध्ये जॉन जॅक्सनने त्याला हरवले. कसे? त्याचे लांब केस एका हाताने धरले आणि दुसऱ्या हाताने ठोसे मारले! केस धरायला तेव्हाच्या नियमांत मनाई नव्हती. ज्याला हात लागत नाही त्याला आधी जागच्या जागी धरून ठेवावे लागते, हे जॅक्सनला कळले होते. पुढे हाच जॅक्सन 'जंटलमन' म्हणून नावाजला आणि कवी बायरनने त्याच्याकडे मुष्टियुद्धाचे धडे घेतले. केस धरून जिंकणारा सभ्य गृहस्थ, आणि अंग चुकवणारा भित्रा! शब्दांचा न्याय असा असतो.

नंतर इंग्लंडमध्येच पियर्स ईगन या लेखकाने या खेळाला 'गोड शास्त्र' असे अर्धवट थट्टेचे नाव दिले. १८६७ मध्ये क्वीन्सबरी नियम आले. हातमोजे, तीन मिनिटांची फेरी, दहा आकड्यांची मोजणी. या नियमांमुळे कुस्तीसारखी झोंबाझोंबी बंद झाली आणि पदलालित्याला वाव मिळाला. त्याचे मोठे दर्शन ७ सप्टेंबर १८९२ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे घडले. एका बाजूला जॉन एल. सुलिव्हन. आयरिश कष्टकऱ्यांचा लाडका, एका ठोशात माणूस झोपवणारा. दुसऱ्या बाजूला सॅन फ्रान्सिस्कोच्या बँकेत कारकुनी केलेला जेम्स कॉर्बेट. पहिल्या काही फेऱ्या कॉर्बेट नुसता मागे-बाजूला सरकत राहिला, तेव्हा गर्दीने त्याची हुर्यो उडवली. एकविसाव्या फेरीत दमलेला सुलिव्हन पडला. लोकांनी विजय मान्य केला. वर्तमानपत्रांनी कॉर्बेटला शास्त्रशुद्ध, हुशार म्हटले. पण जनतेचे प्रेम? ते पडलेल्या सुलिव्हनकडेच राहिले.

आता या 'हुशार' शब्दावर जरा थांबू. सोळा वर्षांनी, २६ डिसेंबर १९०८ रोजी, ऑस्ट्रेलियात सिडनी येथे जॅक जॉन्सनने टॉमी बर्न्सला हरवले आणि हेवीवेट गटाचा तो पहिला कृष्णवर्णीय विजेता झाला. जॉन्सन हा बचावाचा महान कारागीर होता. समोरच्याचा ठोसा तो उघड्या पंजाने हवेतच झेलत असे. घाई करत नसे, वाट पाहत असे, मिठीत जखडून ठेवत असे, आणि मधूनमधून प्रेक्षकांशी बोलतही असे. कॉर्बेटने जे केले त्याला हुशारी म्हटले गेले. तेच जॉन्सनने केले तेव्हा गोऱ्या पत्रकारांनी त्याला आळशी म्हटले, कावेबाज म्हटले, त्याच्या छातीत दम नाही असे म्हटले. ४ जुलै १९१० रोजी रीनो येथे त्याने निवृत्तीतून परत आणलेल्या जेम्स जेफ्रीजला पंधराव्या फेरीत हरवले, तेव्हा अमेरिकेतल्या अनेक शहरांत दंगली उसळल्या आणि माणसे मेली.

म्हणून मला वाटते की 'बचावाचा खेळ कंटाळवाणा' हे वाक्य ऐकताना एक प्रश्न विचारावा. कोणाचा बचाव? पाहणारा नुसत्या डोळ्यांनी पाहत नाही. आपला कोण, परका कोण, हे आधी ठरवून तो पाहतो. आपल्या माणसाने वार चुकवला की ती चपळाई, परक्याने चुकवला की तो पळपुटेपणा. मेंडोझा आणि जॉन्सन यांना हे सोसावे लागले.

मात्र सगळा दोष पूर्वग्रहाला देऊनही चालणार नाही. जीन टनी गोराच होता, माजी सैनिक होता, देखणा होता. २३ सप्टेंबर १९२६ रोजी फिलाडेल्फियात सुमारे एक लाख वीस हजार लोकांसमोर त्याने जॅक डेम्प्सीला दहा फेऱ्यांत गुणांवर हरवले. डेम्प्सी म्हणजे वादळ. तो समोरच्याला संपवायलाच रिंगणात उतरे. टनी त्याला अंतरावर ठेवून, डोके शांत ठेवून, मोजून लढला. पुढच्या वर्षी शिकागोत पुन्हा एक लाखाहून अधिक लोक जमले. सातव्या फेरीत डेम्प्सीने टनीला खाली पाडले. पण ठरलेल्या कोपऱ्यात जायला डेम्प्सीने वेळ लावला, म्हणून पंचाने मोजणी उशिरा सुरू केली. टनीला काही जादा क्षण मिळाले. तो उठला, मागे मागे सरकत त्याने ती फेरी काढली आणि शेवटी लढत जिंकली. ही 'लांबलेली मोजणी' अमेरिका विसरली नाही. दोनदा हरलेला डेम्प्सी आधीपेक्षा लाडका झाला. दोनदा जिंकलेला, शेक्सपिअर वाचणारा, विद्यापीठात त्याच्यावर व्याख्यान देणारा टनी लोकांना परकाच राहिला. १९२८ मध्ये त्याची अखेरची लढत झाली तेव्हा आयोजकाला तोटा झाला.

पण टनीच्या बाबतीत दुसरीही एक गोष्ट आहे. सरावात डोक्याला बसलेल्या एका माराने काही काळ आपली स्मृती हरपली होती आणि खेळ सोडायचा विचार तेव्हा मनात आला, असे त्याने पुढे लिहिले. तो जिंकत असतानाच बाहेर पडला आणि ८१ वर्षे जगला. योगायोग असा की ज्या वर्षी तो निवृत्त झाला त्याच १९२८ मध्ये न्यू जर्सीतल्या हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरने एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. डोक्यावर वारंवार ठोसे खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांची चाल अडखळते, बोलणे जड होते, हात कापतात, बुद्धी मंदावते, याची त्यात वैद्यकीय मांडणी होती. खेळाच्या गल्लीबोळांत हा आजार आधीपासून माहीत होता. आता त्याला वैद्यकशास्त्रात जागा मिळाली. त्यानंतर बचाव ही केवळ शैलीची किंवा आवडीनिवडीची गोष्ट राहिली नाही. ज्या थरारासाठी आपण तिकीट काढतो तो कोणाच्या तरी मेंदूच्या पेशींतून वसूल होतो, हे १९२८ नंतर कोणालाही नाकारता येणार नव्हते.

आता बचावाच्या आणखी एका उस्तादाकडे जाऊ. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातला विली पेप १९४२ मध्ये फेदरवेट गटाचा विजेता झाला. त्याच्या नावावर २२९ विजय आहेत. तो समोर दिसे, पण ठोसा पोचेपर्यंत तिथे नसे. त्याच्याबद्दल एक आख्यायिका सांगतात. १९४६ मध्ये मिनियापोलिसच्या एका लढतीत त्याने म्हणे पूर्ण एक फेरी एकही ठोसा न मारता, नुसती चुकवाचुकवी करून जिंकली. ही गोष्ट खरी असण्याबद्दल संशोधकांनी शंका घेतली आहे. पण मला त्या आख्यायिकेत वेगळेच महत्त्व दिसते. लोकांना बचाव आवडतच नसता, तर ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या कोणी सांगितली असती का? न मारता जिंकणारा माणूस असावा, अशी कुठेतरी प्रेक्षकाचीच इच्छा असते. जानेवारी १९४७ मध्ये विमान अपघातात पेप जबर जखमी झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये पुन्हा रिंगणात उतरला. सँडी सॅडलरने त्याला १९४८ मध्ये चौथ्या फेरीत गारद केले होते. ११ फेब्रुवारी १९४९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पेपने गुणांवर त्याची परतफेड केली. त्या रात्री लोक कंटाळले नाहीत. कारण सॅडलरच्या हातात काय आहे हे सर्वांना ठाऊक होते. प्रत्येक चुकलेला ठोसा म्हणजे टळलेले संकट होते.

याच सुमारास दूरचित्रवाणी आली. दाढीची पाती आणि बिअर विकणाऱ्या कंपन्यांनी लढती पुरस्कृत केल्या. ए. जे. लिबलिंग हा मुष्टियुद्धावरचा फार मोठा लेखक. १९५६ मध्ये त्याचे या विषयावरचे पुस्तक आले. त्यात त्याने दूरचित्रवाणीने गावोगावचे छोटे आखाडे ओस पाडले, असा राग व्यक्त केला आहे. त्या आखाड्यांत मुष्टियोद्धे तयार होत, आणि माझ्या मते प्रेक्षकही तिथेच तयार होत. रिंगणाजवळच्या बाकावर बसणाऱ्याला खांद्याची हालचाल दिसते, ठोसा हुकल्याचा वारा जाणवतो. शेजारचा जुना जाणकार कोपराने ढोसून 'हे बघितलंस का?' असे म्हणतो. घरातल्या लहानशा पडद्यावर हे सगळे पुसले जाते. तिथे उरतो फक्त पडलेला माणूस.

प्रेक्षक तयार असेल तर काय होते, हे अर्जेंटिनात दिसले. निकोलिनो लोचे हा मेंडोसा प्रांतातला मुष्टियोद्धा. पोट किंचित सुटलेले, डोक्यावर केस कमी, सिगारेटचे जबर व्यसन. त्याने ११७ लढती जिंकल्या आणि त्यांत समोरच्याला गारद करून जिंकलेल्या फक्त १४. म्हणजे 'निकाली' हवी असलेल्याने याच्या वाटेला जाऊच नये. आणि तरीही ब्वेनोस आयरेसचे लुना पार्क सभागृह त्याच्या नावावर भरे. तो हात खाली सोडी, कधी पाठीमागे घेई, चेहरा पुढे करी आणि समोरचा मारत सुटला की मान इकडून तिकडे हलवून सगळे ठोसे हवेत घालवी. लोक हसत, टाळ्या वाजवत. १२ डिसेंबर १९६८ रोजी टोकियोत त्याने पॉल फुजी या दणकट विजेत्याला इतके हवेत मारायला लावले की दमलेला, चिडलेला फुजी दहाव्या फेरीसाठी आसनावरून उठलाच नाही. लोचेला त्याच्या देशात जे टोपणनाव होते त्याचा सरळ मराठी अनुवाद करायला हात धजत नाही. आपल्याकडे त्या शब्दाला वेगळ्याच वेदनेचा इतिहास आहे. 'ज्याला हात लागत नाही असा' एवढेच म्हणू.

मुशायऱ्यात ज्याने दाद घेतली-दिली आहे त्याला लुना पार्क समजायला कठीण नाही. शेराची पहिली ओळ शायर दोनदा म्हणतो. ऐकणारे अंदाज बांधतात. दुसरी ओळ भलतीकडेच वळते आणि 'वाहवा' उठते. ती दाद देणारा कान एका रात्रीत घडत नाही. तो अनेक बैठकांत घडतो. लोचेचा प्रेक्षक असा घडलेला होता. ठोसा येणार हे त्याला आधी दिसे, म्हणून तो हुकण्याची मजा त्याला येई. शिवाय लोचे लोकांना सोबत घेई. आपण किती धोक्यात आहोत हे तो त्यांना दाखवी आणि मग त्यातून सुटे. बचाव करताना तो दाराला कडी लावून आत बसला नाही. दार उघडे ठेवून उंबरठ्यावर उभा राहिला.

आणि मग अली. माझ्यासारख्या मुसलमान घरांत वाढलेल्या मुलांना मुहम्मद अली हा दूरदेशीचा असूनही आपला वाटे. त्यातून तो तुकबंदी करी. लिबलिंगने १९६२ च्या लेखात शीर्षकातच त्याला कवी म्हटले होते. पण आज ज्या अलीवर सारे जग प्रेम करते तो कोणता अली, हे नीट पाहायला हवे. १९६४ ते १९६७ चा अली हा बचावाचा चमत्कार होता. हात कमरेशी, पाय सतत नाचते, ठोसा आला की मान मागे. जुने जाणकार म्हणत, हे चूक आहे, असे लढत नाहीत. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी सनी लिस्टनला त्याने असे थकवले की लिस्टन सातव्या फेरीला उठला नाही. तेव्हाचे बरेचसे लोक त्याच्यावर रुष्ट होते. त्याच्या बढाया, त्याचे धर्मांतर आणि पुढे व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला त्याने दिलेला नकार, ही मोठी कारणे होतीच. त्याच्या अंगाला हात लागत नाही, ही चीडही त्यांत मिसळलेली होती.

साडेतीन वर्षांच्या बंदीनंतर १९७० मध्ये तो परत आला तेव्हा पाय मंदावले होते. ८ मार्च १९७१ रोजी जो फ्रेझियरने त्याला पंधराव्या फेरीत पाडले. तो उठला आणि लढत हरला. त्या रात्रीपासून नावडता अली अनेकांना आवडू लागला. याच्यात मार खायची ताकद आहे, असे लोक कौतुकाने म्हणू लागले. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासात जॉर्ज फोरमनसमोर तो दोरांवर रेलून उभा राहिला, हातांची ढाल करून त्याने वर्षाव झेलला आणि आठव्या फेरीत दमलेल्या फोरमनला पाडले. बचाव हाच सगळ्यात मोठा थरार ठरल्याचे याहून मोठे उदाहरण नाही. पण हा बचाव महाग होता. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलात फ्रेझियरशी चौदा फेऱ्या झाल्या. आपण मरणाच्या जवळ जाऊन आलो, अशा अर्थाचे अली स्वतःच बोलला. १९७७ मध्ये त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको, 'आता थांब' हे ऐकले जात नाही म्हणून त्याला सोडून गेले. तरी १९८० मध्ये लॅरी होम्सकडून आणि १९८१ मध्ये ट्रेव्हर बर्बिककडून मार खाऊनच तो थांबला. १९८४ मध्ये पार्किन्सनचे निदान झाले. त्या आजारात ठोशांचा वाटा किती, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. पण १९९६ मध्ये अटलांटात ऑलिंपिकची ज्योत धरलेला थरथरता हात जगाने पाहिला, डोळे पुसले, टाळ्या वाजवल्या. ज्या काळात त्याला हात लागत नव्हता त्या काळात आपण इतक्या टाळ्या वाजवल्या होत्या का? हा प्रश्न मला त्या दृश्यातून सुटू देत नाही.

पुढची उदाहरणे आपल्या काळाजवळची. १० सप्टेंबर १९९३ रोजी सॅन अँटोनियोत सुमारे साठ हजार लोकांसमोर पर्नेल व्हिटेकरने ८७ लढतींत अजिंक्य असलेल्या हुलिओ सेझार चावेझला जवळजवळ सबंध लढतभर चकवले. निकाल? बरोबरी. त्याला लुबाडले, असे अमेरिकेतल्या आघाडीच्या क्रीडा साप्ताहिकाने मुखपृष्ठावरच छापले. उलट अर्टुरो गॅटी आणि मिकी वॉर्ड यांच्या २००२-०३ मधल्या तीन लढती लोक आजही डोळ्यांत पाणी आणून आठवतात, कारण दोघांनी एकमेकांचे काहीच चुकवले नाही. २००५ मध्ये याच गॅटीसमोर मेवेदर आला आणि सहा फेऱ्यांनंतर गॅटीच्या माणसांनी लढत थांबवली. जिंकणारा मेवेदर, प्रेम गॅटीवर. मेवेदरने यातून एक व्यापारी धडा घेतला. लोक आपल्या बचावाला दाद देणार नाहीत, पण आपण कधी तरी हरावे म्हणून पैसे नक्की देतील. त्याने स्वतःला खलनायक करून विकले. २०१७ पर्यंतच्या पन्नास व्यावसायिक लढतींत तो एकदाही हरला नाही आणि अमाप श्रीमंत झाला. म्हणजे बचावाला गिऱ्हाईक मिळाले, पण रसिक मिळाला नाही.

प्रेक्षकांची बाजूही मांडायला हवी. सगळाच बचाव कला नसतो. मिठी मारून वेळ काढणे, एका गुणाची आघाडी घेऊन उरलेला वेळ रिंगणभर पळणे, याला कोणी दाद का द्यावी? ऑलिंपिकमध्ये हे घडले. १९८८ मध्ये सोल येथे रॉय जोन्सवर झालेल्या उघड अन्यायानंतर १९९२ पासून संगणकाने गुण मोजण्याची पद्धत आली. पाचांतल्या तीन पंचांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबले तरच गुण. विजेंदर सिंगने २००८ मध्ये बीजिंगला ब्राँझपदक मिळवले ते याच पद्धतीत. हेतू चांगला होता. पण पोटावरचे ठोसे, झटपट ठोशांची माळ, हे बटणांत सापडेना. खेळाडू एक ठोसा टेकवून दूर जाऊ लागले. खेळ आक्रसला, आणि २०१३ मध्ये ही पद्धत मोडीत निघाली. तेव्हाची प्रेक्षकांची तक्रार खोटी नव्हती.

मग उत्तर काय? इतिहास मला असे सांगतो की प्रेक्षकाला ठोसा हवा असतो असे आपण म्हणतो, पण त्याला हवा असतो धोका. ठोसा हे धोक्याचे सगळ्यात सोपे रूप. बचाव करणारा धोक्याच्या टप्प्यात उभा राहत असेल, चुकवून लगेच उत्तर देत असेल आणि पाहणाऱ्याला ते दिसत असेल, तर बचाव कंटाळवाणा होत नाही. पेप-सॅडलर, लोचे, किन्शासाचा अली ही त्याची साक्ष. बचाव करणारा टप्प्याबाहेर गेला किंवा पाहणारा नुसता पडण्याची वाट पाहत बसला, की हुर्यो सुरू होते. म्हणजे अर्धी जबाबदारी रिंगणातल्या माणसाची आणि अर्धी बाकावरच्याची.

बाकावरच्याने आपला अर्धा वाटा का उचलावा? कारण त्याची आवड कोणाच्या तरी शरीरावर लिहिली जाते. १३ नोव्हेंबर १९८२ रोजी लास वेगासमध्ये दक्षिण कोरियाचा किम डुक-कू हा तरुण रे मॅन्सिनीशी चौदाव्या फेरीपर्यंत मागे न हटता लढला. ती लढत पाहणाऱ्यांना थरारक वाटली. चार दिवसांनी किम वारला. त्यानंतर विजेतेपदाच्या लढती पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या झाल्या. नियम बदलले, वैद्यकीय तपासण्या वाढल्या. पण टाळी कशाला वाजवायची, हा नियम कुठलीही संघटना करू शकत नाही. तो आपल्या हातात असतो. तरुण खेळाडू टाळी कुठे पडते ते ऐकतो आणि तिकडे वळतो. हेही खरे की बचावाने माणूस अभेद्य होत नाही. २४१ लढती खेळलेल्या पेपलाही उतारवयात स्मृतिभ्रंशाने गाठलेच. बचाव मृत्यूला हरवत नाही. तो फक्त मार कमी करतो. पण माणसाच्या आयुष्यात तेवढेही थोडे नाही.

पुढच्या वेळी मुष्टियुद्धाची लढत पाहाल तेव्हा एक फेरी, फक्त तीन मिनिटे, मारणाऱ्याकडे न पाहता ज्याच्यावर मारा होतो आहे त्याच्याकडे पाहा. त्याचे पाय कुठे आहेत, खांदा केव्हा वळतो, मान किती इंच हलते, ते पाहा. ठोसा त्याच्या कानाजवळून जाईल आणि तो तिथेच उभा असेल. त्या क्षणी तोंडून आपोआप 'वा!' निघाले, तर ती दाद त्याच्यापर्यंत पोचू द्या.